ओलिसांना कोणी मारले?

हॉलिवुडच्या करमणुकीच्या कारखान्यातून दर काही वर्षांनी एक ठरावीक माल बाजारात येतो. एखाद्या घरात किंवा कचेरीत काही माणसे ओलीस धरलेली असतात, बाहेर पोलिसांचा वेढा पडलेला असतो, आणि दोहोंच्या मध्ये दूरध्वनी कानाला लावून एक थकलेला, मनातून मोडलेला पोलीस अधिकारी उभा असतो. ओलीस धरणाऱ्याशी बोलणी करणे हे त्याचे काम. घरी पत्नी दुरावलेली असते, मुलगी त्याच्याशी धड बोलत नसते, आणि पूर्वी केव्हातरी त्याला न वाचवता आलेला एखादा जीव त्याला झोपू देत नसतो. प्रेक्षकाने दोन तास या माणसाच्या जखमेवर फुंकर घालीत बसायचे. २००५ साली प्रदर्शित झालेला ब्रूस विलिसचा ‘होस्टेज’ हा या मालाचा अस्सल नमुना होय. इतक्या वर्षांनी त्याची झाडाझडती घेण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन असे की, हा चित्रपट आणि त्याची भावंडे आजही घरोघरच्या पडद्यांवर फिरत आहेत, आणि त्यांनी शिकवलेला धडा आपल्याकडेही पुरता मुरला आहे.

चित्रपटाची सुरुवात लॉस एंजेलिसमध्ये होते. एका माणसाने आपल्या बायकोला आणि लहान मुलाला घरात कोंडून ठेवले आहे. जेफ टॅली हा अधिकारी त्याच्याशी बोलतो आहे. नेमबाज पोलिसाला तो माणूस बंदुकीच्या टप्प्यात दिसतो. गोळी घालू का, अशी विचारणा होते. टॅली नको म्हणतो. आज कोणी मरणार नाही, असा त्याचा हट्ट आहे. पुढच्याच क्षणी आत बार होतात. बायको, मुलगा आणि तो माणूस, तिघेही जातात. टॅली खचतो, नोकरीत खालची पायरी पत्करून व्हेंच्युरा परगण्यातल्या एका लहानशा गावाचा पोलीसप्रमुख होतो. वर्षभराने तिथे तीन तरुण पोरे एका धनिकाची मोटार चोरण्यासाठी त्याच्या डोंगरावरच्या बंदोबस्ताच्या वाड्यात शिरतात, त्यांतला एक जण चौकशीला आलेल्या पोलीस बाईला गोळी घालतो, आणि धनिक व त्याची दोन मुले ओलीस होतात. हा धनिक गुन्हेगारी टोळीच्या काळ्या पैशाचे हिशेब लिहिणारा निघतो. टोळीला त्या घरातली हिशेबाची तबकडी हवी असते, म्हणून ती टॅलीच्या बायकोला आणि मुलीला पकडते. पुढे आग, स्फोट, प्रेतांचा खच, आणि शेवटी टॅली पिस्तूल हाती घेऊन आपले कुटुंब सोडवतो.

चित्रपट कंटाळवाणा नाही, हे आधी सांगून टाकतो. फ्लोरेंट सिरी या फ्रेंच दिग्दर्शकाला अंधार आणि दडपण यांचा उपयोग करता येतो. विलिसचा चेहराही पहिल्या अर्ध्या तासात खरोखर बोलतो. म्हणूनच त्याच्या पोटातला युक्तिवाद अधिक घातक ठरतो. तो युक्तिवाद पहिल्या दहा मिनिटांतच पुरा होतो, आणि तो असा की, दयेने माणसे मरतात. नेमबाजाला त्या क्षणी परवानगी दिली असती तर आई आणि मूल वाचले असते. बोलण्यावर विश्वास ठेवला म्हणून ते मेले. टॅलीने बंदूक बाजूला ठेवली हे त्याचे पाप, आणि अखेरीस ती पुन्हा हाती घेतली हे त्याचे प्रायश्चित्त. ज्या व्यवसायाचा हा चित्रपट म्हणवतो त्या व्यवसायावरच त्याचा काडीइतका विश्वास नाही. सबंध चित्रपटात बोलणी करून सुटलेला माणूस शोधू गेले तर हाती फारसे काही लागत नाही.

आता हा हिशेब इतिहासाच्या वहीशी ताडून पाहू.

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात ॲटिका नावाचा तुरुंग आहे. सुमारे बाराशे माणसांसाठी बांधलेल्या या तुरुंगात १९७१ साली बावीसशेच्या वर कैदी कोंबले होते. बहुसंख्य काळे आणि पोर्टोरिकन. पहारेकरी जवळजवळ सगळे गोरे. आठवड्यातून एक अंघोळ, महिन्याला शौचाच्या कागदाची एक गुंडाळी, आणि दिवसभराच्या कामाची मजुरी म्हणजे काही सेंट. ९ सप्टेंबर १९७१ रोजी कैद्यांनी उठाव करून सुमारे तेराशे जणांनी तुरुंगाचा एक भाग ताब्यात घेतला आणि चाळीसहून अधिक कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. त्यांच्या मागण्या काय होत्या? माणसाला साजेसे वैद्यकीय उपचार, पत्रांवरची कात्री हटवणे, आपापल्या धर्माप्रमाणे वागण्याची मोकळीक, कामाला कायद्याप्रमाणे किमान वेतन. शब्द थोडे बदलले तर आपल्या कोणत्याही कामगार संघटनेच्या मागणीपत्रकात शोभतील अशा या गोष्टी. चार दिवस बोलणी चालली. टॉम विकर हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा पत्रकार, विल्यम कन्स्टलर हा वकील, आणखी अनेक जण निरीक्षक म्हणून आत गेले. तुरुंग खात्याचे आयुक्त रसेल ऑस्वाल्ड यांनी अठ्ठावीस मागण्या मान्यही केल्या. अडले ते माफीच्या मुद्द्यावर. कारण उठावात जखमी झालेला एक पहारेकरी दरम्यान मरण पावला होता, आणि त्यामुळे माफीशिवाय शरण जाणे कैद्यांना फासाच्या दोरीकडे जाण्यासारखे वाटत होते. राज्यपाल नेल्सन रॉकफेलर यांनी एकदा येऊन जावे, निदान तोंड दाखवावे, अशी निरीक्षकांनी विनवणी केली. रॉकफेलर आले नाहीत.

१३ सप्टेंबरच्या सकाळी हेलिकॉप्टरमधून अश्रुधूर सोडण्यात आला आणि राज्याच्या पोलिसांनी भिंतींवरून गोळीबार सुरू केला. काही मिनिटांत ३९ माणसे मेली: २९ कैदी आणि १० ओलीस. म्हणजे ज्यांना वाचवायचे म्हणून हल्ला केला तेच दहा जण वाचवणाऱ्यांच्या गोळ्यांनी मेले. कैद्यांजवळ बंदूक एकही नव्हती. उठावाच्या दिवसांत कैद्यांनी आपल्यातल्याच तिघांना ठार केले होते आणि त्या पहारेकऱ्याचा बळीही त्यांच्याच खात्यावर पडतो, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु त्या सकाळी राज्याच्या अधिकाऱ्यांनी जगाला सांगितले ते असे, की कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले. वृत्तपत्रांनी ते छापले, ‘न्यूयॉर्क टाइम्स’सारख्या पत्रानेही. दुसऱ्या दिवशी जॉन एडलंड या शवचिकित्सकाने प्रेते तपासून जाहीर केले की, ओलिसांचा मृत्यू गोळ्यांनी झाला आहे. गळा चिरल्याने एकही मेलेला नाही. या एका सत्यवचनाबद्दल त्या गृहस्थाला पुढे काय काय ऐकून घ्यावे लागले ही निराळी कथा. सरकारला नुकसानभरपाई मोजायला किती काळ लागला पाहा: कैद्यांना २००० साली १ कोटी २० लाख डॉलर, त्यांतले ४० लाख वकिलांचे, आणि ओलिसांच्या कुटुंबीयांना व जगल्या-वाचल्यांना तेवढीच रक्कम २००५ साली. चौतीस वर्षांनी!

२००५ हेच ‘होस्टेज’चे साल. एकीकडे न्यूयॉर्क राज्य आपल्या गोळ्यांनी मेलेल्या ओलिसांच्या वारसांना पैसे देत होते, आणि त्याच वर्षी त्याच देशातला सिनेमा कोट्यवधी प्रेक्षकांना सांगत होता की, ओलीस मरतात ते पोलिसाने गोळी न घातल्यामुळे. प्रेते एकाच्या खात्यातून काढून दुसऱ्याच्या खात्यात टाकण्याची ही हातचलाखी टोळीचे हिशेब लिहिणाऱ्या त्या धनिकालाही जमली नसती.

पोलिसी बोलण्याची ही विद्या जन्मली कुठून, हेही चित्रपट सांगत नाही. ती कोणा एका दुःखी अधिकाऱ्याच्या अंतःकरणातून उगवलेली नाही. ॲटिकानंतर वर्षभरात, सप्टेंबर १९७२ मध्ये, म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये पॅलेस्टिनी बंदूकधाऱ्यांनी इस्रायली खेळाडूंना ओलीस धरले. जर्मन पोलिसांनी विमानतळावर अर्धवट तयारीने केलेल्या हल्ल्यात नऊच्या नऊ ओलीस मेले; दोघे आधीच मारले गेले होते. अकरा निरपराध खेळाडूंचा तो बळी होता आणि बंदूकधाऱ्यांच्या कृत्याचे समर्थन कोणीही विवेकी माणूस करणार नाही. पण त्या रक्तातून न्यूयॉर्कच्या पोलीस खात्याला एक गोष्ट उमगली: घाई मारते. हार्वे श्लॉसबर्ग हा मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवलेला गुप्तचर पोलीस आणि फ्रँक बोल्झ हा अधिकारी यांनी तिथे बोलणी करणाऱ्यांचे पथक उभारले. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनमधल्या एका खेळाच्या साहित्याच्या दुकानात चार सशस्त्र तरुण ओलिसांसह अडकले. सुरुवातीच्याच चकमकीत एक पोलीस ठार झाला होता, म्हणजे सूड घेण्याला निमित्त तयार होते. तरीही पोलीस थांबले. सत्तेचाळीस तास थांबले. अखेर उरलेले ओलीस गच्चीवरून निसटले, आणि ती मुले शरण आली.

या विद्येचे पहिले सूत्र असे: जो बोलणी करतो तो हुकूम देत नाही, आणि जो हुकूम देतो तो बोलणी करीत नाही. कारण उघड आहे. बोलणाऱ्याला प्रत्येक मागणीवर ‘वर विचारावे लागेल’ असे म्हणता आले पाहिजे; त्यातून वेळ मिळतो, वेळाने भूक लागते, झोप येते, राग उतरतो. आपल्या युनियनच्या कार्यकर्त्यांना हे कोणी शिकवायला नको. मालकाच्या टेबलाशी बसलेला आपला प्रतिनिधी ‘कार्यकारिणीला विचारून सांगतो’ म्हणतो ते याच शहाणपणापोटी. आणि मालकाचा माणूसही ‘बोर्डाला विचारतो’ म्हणतो, ते आपण मिशीतल्या मिशीत हसून ऐकून घेतो. ‘होस्टेज’चा टॅली मात्र बोलणारा तोच, गोळी घालायची की नाही हे ठरवणारा तोच, आणि शेवटी झडतीला जाणारा तोच. एका संस्थेने रक्त सांडून शिकलेले काम एका माणसाच्या खांद्यावर टाकायचे, मग तो कोलमडला की कॅमेरा त्याच्या डोळ्यांजवळ न्यायचा. व्यक्तिवादाचे याहून स्वस्त दुकान दुसरे नसेल. संस्था दिसेनाशी झाली की जबाबदारीही दिसेनाशी होते. मग रॉकफेलर का आला नाही हा प्रश्नच उरत नाही, कारण पडद्यावर रॉकफेलरच नसतो.

१९९८ सालच्या ‘द निगोशिएटर’ची कथा याहून थोडी धीट वाटते. शिकागोचा काळा पोलीस अधिकारी डॅनी रोमन, सॅम्युएल जॅक्सनने रंगवलेला, स्वतःच ओलीस धरतो, कारण अपंग पोलिसांच्या निधीतून पैसे खाणाऱ्यांनी त्याच्यावर खुनाचा आळ घातला आहे. कामगारांच्या निधीवर डल्ला हा विषय आपल्या वाचकांच्या चांगल्या परिचयाचा. पण तिथेही शेवटी चार नासके आंबे वेचून काढले की पाटी स्वच्छ! निधीवर देखरेख कोणाची, हे विचारायला पटकथाकाराला सवड झाली नाही.

याच मातीतून एकेकाळी वेगळे पीकही आले होते. ॲटिकाला चार वर्षे होत असताना, १९७५ साली, सिडनी ल्युमेटने ‘डॉग डे आफ्टरनून’ केला. ऑगस्ट १९७२ मध्ये ब्रुकलिनच्या एका बँकेत खरोखर घडलेल्या फसलेल्या दरोड्यावर तो आधारलेला आहे. अल पचिनोचा सनी हा दरोडेखोर बँकेबाहेर येतो, शेकडो बंदुका त्याच्यावर रोखलेल्या असतात, आणि तो ॲटिकाचे नाव घेऊन ओरडू लागतो. जमलेली गर्दी त्याला साथ देते. तेवढ्या एका नावात साऱ्यांना कळते की, या बंदुका कोणाला ओळखत नाहीत; आतल्या कारकून मुलींनाही नाही. दूरदर्शनवाल्याने नोकरी का करीत नाहीस असे विचारल्यावर सनी त्याला युनियनचे सभासदत्व आणि बँकेतल्या कारकुनाचा पगार यांचे गणित मांडून दाखवतो. दरोडेखोर म्हणून तो संत ठरत नाही. वेंधळा, घाबरट, बायकामुलांना आणि मित्राला एकाच वेळी फसवणारा माणूस आहे. पण तो माणूस आहे. ‘होस्टेज’मधल्या तीन पोरांना ते भाग्य लाभत नाही. एक भित्रा, एक उद्धट आणि तिसरा विकृत खुनी. तिसऱ्याच्या विकृतीत पहिल्या दोघांचा प्रश्न गडप होतो. ती पोरे डोंगरावरच्या त्या वाड्यावर का चढली, याचे कुतूहल दिग्दर्शकाला वाड्याच्या सुरक्षायंत्रणेइतकेही नाही.

आणि ओलीस? त्यांना या चित्रपटांत तोंड नसते. त्यांनी किंचाळायचे आणि सुटायचे. ऑगस्ट १९७३ मध्ये स्टॉकहोमच्या एका बँकेत सहा दिवस ओलीस राहिलेल्या क्रिस्टिन एन्मार्क या तरुणीने पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना दूरध्वनीवर स्पष्ट सांगितले की, मला दरोडेखोरांपेक्षा पोलिसांच्या हल्ल्याची भीती वाटते. ॲटिकाचे दहा ओलीस बोलू शकले असते तर हेच बोलले असते. पण पोलिसांचे सल्लागार असलेल्या मनोविकारतज्ज्ञाने तिच्या या भीतीलाच आजाराचे नाव दिले, आणि ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणून ते जगभर रूढ झाले. पाल्मे आपल्या विचारांचे होते, म्हणून इथे त्यांची गय करावी असे मला वाटत नाही. त्या बाईचे म्हणणे त्यांनीही मनावर घेतले नाही.

हे सगळे अमेरिकेचे आणि स्वीडनचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणणाऱ्यांनी मुंबईकडे पाहावे. २७ ऑक्टोबर २००८ रोजी कुर्ल्याला बेस्टच्या बसमध्ये पिस्तूल घेऊन चढलेल्या बिहारी तरुणाला पोलिसांनी ठार केले, तेव्हा गोळीला गोळीनेच उत्तर मिळेल अशा अर्थाचे उद्गार तत्कालीन गृहमंत्र्यांनी काढले आणि टाळ्या पडल्या. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी पवईच्या एका स्टुडिओत अभिनयाच्या चाचणीसाठी बोलावलेल्या सतरा मुलांना एका इसमाने कोंडून ठेवले. शासनाच्या शिक्षण खात्याकडे आपले पैसे थकले आहेत असे त्याचे म्हणणे होते. शासनाने ते नाकारले. मला काही प्रश्न विचारायचे आहेत, एवढेच त्याने चित्रफितीत सांगितले होते. काही तासांत पोलीस आत शिरले, मुले सुखरूप सुटली आणि तो गोळी लागून मेला. मुलांना वेठीस धरणे हा अक्षम्य गुन्हा होता आणि मुले वाचली याचा आनंद प्रत्येकाला झाला. आत शिरलेल्या शिपायांच्या धैर्याविषयीही शंका नाही. पण त्या संध्याकाळी चहाच्या टपऱ्यांवर आणि दूरचित्रवाणीच्या चर्चांत जी भाषा ऐकू आली ती थेट ‘होस्टेज’ची होती. खेळ खलास, हिशेब चुकता. त्याच्याशी कोण बोलत होते, किती वेळ, त्याला काय सांगितले गेले, गोळी छातीवरच का घालावी लागली, हे विचारणारा माणूस मुलांचा शत्रू ठरत होता. थकबाकीच्या त्या तक्रारीची फाईल कोणत्या टेबलावर किती दिवस पडून होती, हा प्रश्न तर फारच थोड्यांना सुचला. उद्या एखाद्या थकलेल्या देण्यासाठी आपण शांतपणे कचेरीच्या दारात बसलो, तर याच भाषेत आपल्याशी बोलले जाईल, याचा विसर पडू देऊ नये. घेराव घातलेल्या कामगारांनी अधिकाऱ्याला ‘ओलीस धरले’ असे मथळे वृत्तपत्रांत येऊ लागले त्याला बरीच वर्षे झाली.

करमणुकीला एवढे गंभीरपणे का घ्यायचे, हा आक्षेप मी ऐकून आहे. चित्रपट पाहून कोणी बंदूक उचलत नाही हे खरे. पण बंदूक चालल्यावर टाळी वाजवायची की प्रश्न विचारायचा, ही सवय कुठेतरी लागत असतेच, आणि ती शाळेच्या नागरिकशास्त्राच्या तासाला लागत नाही हे आपण सर्व जाणतो. बंदी वगैरे घालण्याची मागणी करणारा मी नव्हे. सेन्सॉरची कात्री आपल्याच मानेवर आधी फिरते. मागणी करायचीच तर ती शासनाकडे, आणि साधी: प्रत्येक ओलीस-प्रकरणानंतर बोलण्याची संपूर्ण नोंद, वेळेसह, न्यायालयीन चौकशीपुढे ठेवली जावी आणि ती लोकांसाठी खुली असावी. पोलिसांनाही तिचा तोटा नाही, कारण ज्यांनी खरोखर तास न् तास धीराने बोलून माणसे सोडवली त्यांची नावे आज कोणाला माहीत नसतात.

तोपर्यंत, ज्या शाखा महिन्यातून एकदा चित्रपट दाखवून चर्चा घेतात त्यांनी हे दोन चित्रपट पाठोपाठ लावून पाहावेत. आधी ‘होस्टेज’ची पहिली दहा मिनिटे, तेवढीच पुरेत. मग ल्युमेटचा चित्रपट संपूर्ण. तो सव्वादोन तासांहून कमीच आहे. मध्यंतरात ॲटिकाची हकीकत कोणीतरी पाच मिनिटांत सांगावी, कारण सनी बँकेच्या दारात ते नाव घेतो तेव्हा आपल्या तरुण कार्यकर्त्यांना ते ओळखीचे असले पाहिजे.